काकांशी भाव ठरवतेस, मग सरांपुढे का अडतेस?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २२. निफाड तालुक्यातलं गाव, घरी तीन एकर द्राक्षबाग. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम., आता नाशिकमध्ये एमबीएचं पहिलं वर्ष. वाचलेलं इंग्रजी कळतं, बिझनेस कम्युनिकेशनच्या पेपरात मार्कही चांगले पडले. पण ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडत नाही आणि उघडलंच तर दुसऱ्या वाक्याला गाडी अडते. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली ‘एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत’. उच्चारांची लाज वाटते. इंटर्नशिपसाठी अकरा कंपन्यांना मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड बिझनेस इंग्लिश’ कोर्स आहे, फी ३८ हजार. वडील म्हणतात भरू, पण ते पैसे खरड छाटणीच्या खर्चातून काढावे लागतील. ‘क्लास लावू का? आणि सहा महिने मराठी पूर्ण बंद करायचं ठरवलंय, घरीसुद्धा. बरोबर आहे ना, ताई?’

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ ‘तू’ म्हणते. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे शिपाई आणि चेअरमन दोघांनाही एकच ‘यू’. एवढं लक्षात ठेव, पुढे त्यावर बोलायचं आहे.

क्लासचं नंतर बघू. आधी पत्राच्या तिसऱ्या पानावर तू जाता जाता लिहिलेल्या चार ओळी घेते. सौदा ठरलेला, इसार घेतलेला, सकाळी खुडा सुरू होणार आणि आदल्या रात्री व्यापाऱ्याचा फोन: माल बारीक वाटतोय, किलोमागे सहा रुपये कमी करावे लागतील. बाबा तापले म्हणून फोन तू घेतलास. म्हणालीस, ‘काका, परवा तुम्ही स्वतः बागेत मणी मोजलेत, १८ मिलिमीटर भरले. दोन दिवसांत मणी लहान होत नाहीत. बाजार पडला असेल तर तसं सांगा, आपण बोलू. पण मालाला नाव ठेवू नका.’

हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

जरा बघ, तू काय केलंस. आधी दोघांनाही मान्य असलेली गोष्ट आकड्यासकट समोर ठेवलीस. मग काकांना खोटं न म्हणता त्यांचं कारण मोडून काढलंस. त्यांना अब्रूने मागे फिरता येईल अशी वाट ठेवलीस, ‘बाजार पडला असेल तर’. आणि शेवटी आपली हद्द आखलीस. पुढच्या वर्षी निगोशिएशनच्या तासाला तुला हेच इंग्रजी नावं देऊन शिकवतील आणि तू वहीत उतरवून घेशील. त्या दिवशी गालात हसायला विसरू नकोस.

तुझं म्हणणं, अडचण इंग्रजीची आहे. मला त्यातलं निम्मंच पटतं. उरलेली निम्मी अडचण अशी की इंग्रजीची वेळ आली की या मुलीला तू घरी ठेवून येतेस आणि तिच्या जागी शाळेतला रजेचा अर्ज उभा करतेस.

पुरावा तूच पत्राला जोडला आहेस. तुझा मेल असा सुरू होतो: ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट मायसेल्फ अ स्टुडंट ऑफ एमबीए फर्स्ट इयर...’ पुढे कॉलेजचं लांबलचक नाव, दहावी-बारावीचे टक्के, मग ‘युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ची थोरवी. इंटर्नशिप हा शब्द उगवतो तो शेवटून दुसऱ्या ओळीत. त्याखाली ‘काइंडली डू द नीडफुल’. आणि विषयाच्या रकान्यात नुसतं ‘रिक्वेस्ट’.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं निर्यात विभागाचा पत्रव्यवहार सांभाळला. सकाळी मेल उघडला की पन्नासेक पत्रं वाट बघत असायची. नुसतं ‘रिक्वेस्ट’ लिहिलेलं पत्र मी दुपारी बघू म्हणून ठेवायचे, आणि दुपार कधी यायची नाही. तुझ्या अकरा मेलचं यापेक्षा वेगळं काही झालं असेल असं मला वाटत नाही. कुणी तुझं इंग्रजी तपासून नापास केलेलं नाही. तिथपर्यंत कुणी पोहोचलंच नाही.

यात तुझा दोष धरत नाही. ‘आय बेग टू स्टेट’ ही साहेबाच्या राज्यातल्या अर्जाची भाषा. मराठीतही आपण ‘वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की’ असंच शिकलो. दोन्ही भाषांमध्ये शाळेने आपल्याला पत्र शिकवलं ते हात जोडून मागणाऱ्याचं. ‘डू द नीडफुल’ हेही त्याच काळातलं. इंग्लंडमध्ये ते आता जुनाट वाटतं, आपल्या कचेऱ्यांमध्ये मात्र ठणठणीत आहे. पुण्या-मुंबईच्या साहेबाला लिहिलंस तर तो दचकणार नाही. रॉटरडॅमचा द्राक्षं घेणारा माणूस मात्र विचारेल, म्हणजे मी नेमकं काय करू? तीच गत ‘रिव्हर्ट’ची. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणं. बाहेर बहुतेकांच्या लेखी, होतं तिथे परत जाणं. ‘आय विल रिव्हर्ट टुमॉरो’ वाचून परदेशी माणूस बुचकळ्यात पडला तर त्याची चूक नाही.

पेपरात ‘सेव्हन सीज’, म्हणजे ‘सी’ने सुरू होणारे चांगल्या पत्राचे सात गुण, तू नक्की लिहिले असशील: क्लिअर, कन्साइज, काँक्रीट वगैरे. तुझ्या मेलमध्ये त्यातला एकच सापडतो, कर्टसी, आणि तो पाच जणींना पुरेल एवढा आहे.

हाच मेल मी असा लिहीन. विषयात: ‘इंटर्नशिप, एमबीए स्टुडंट, एट वीक्स फ्रॉम २ जून’. खाली: ‘डिअर मिस्टर’ आणि आडनाव. ‘आय अ‍ॅम अ फर्स्ट-इयर एमबीए स्टुडंट इन नाशिक, लुकिंग फॉर अ‍ॅन एट-वीक इंटर्नशिप इन अकाउंट्स ऑर पर्चेस. फॉर फोर इयर्स आय हॅव केप्ट द अकाउंट्स ऑफ अवर फॅमिली ग्रेप फार्म, इन्क्लुडिंग पेमेंट्स फ्रॉम एक्स्पोर्टर्स. माय सीव्ही इज अटॅच्ड. कुड आय कॉल यू फॉर टेन मिनिट्स धिस वीक?’ संपलं.

यातला एकही शब्द आठवीच्या मुलीला नवा नाही. वाचणाऱ्याला जे आधी हवं ते आधी आलं. बागेचे हिशेब तू चार वर्षं लिहितेस, ही वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसलेली गोष्ट तू तुझ्या मेलमध्ये गाळली होतीस, ती इथे आली. शेवटचा प्रश्न असा की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच लिहायचं आहे. आणि आडनाव हवं. ‘सर’ म्हणून अकरा जणांना पाठवलेला मेल अकराही जण ओळखतात.

तुला भीती वाटेल की एवढं साधं लिहिलं तर लोक कमी समजतील. अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने १९९८ मध्ये कंपन्यांसाठी सोप्या इंग्रजीची एक मार्गदर्शिका काढली. तिची प्रस्तावना गुंतवणूकदार वॉरन बफे यांची आहे. ते सांगतात की भागधारकांसाठी वार्षिक अहवाल लिहिताना आपण डोरिस आणि बर्टी या आपल्या बहिणींशी बोलतो आहोत असं ते मनात धरायचे. दोघी हुशार, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नव्हेत. अब्जावधींचा कारभार सांभाळलेल्या माणसाचं बहिणीला कळेल अशा इंग्रजीत भागलं, तर आपल्याला आणखी जड कशाला हवं?

मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ काय असतं? माझ्या मते ते शब्दांच्या वजनात नसतं, कामाच्या नाजूकपणात असतं. माल उशिरा जाणार हे कळवायचंय. थकलेले पैसे मागायचेत, पण गिऱ्हाईक तुटता कामा नये. आपली चूक कबूल करायची, तीही वकिलाच्या हाती लागणार नाही अशी. मिटिंगमध्ये साहेबाचा आकडा चुकलाय हे चारचौघांत सांगायचंय. ही कामं इंग्रजीत ज्याला जमली त्याचं इंग्रजी प्रगत, मग त्याचा नामाआधीचा ‘द’ एखाद्या ठिकाणी हुकला तरी चालतं. (मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीतच, आपले ते जन्मभर थोडेफार हुकणार. माझे अजून हुकतात.)

आता त्या ‘यू’कडे येऊ. मराठीत मान क्रियापदाच्या शेपटीत असतो: पाठव, पाठवा, पाठवाल का, पाठवता आलं तर बरं होईल. इंग्रजीत ‘सेंड’ला शेपूटच नाही, म्हणून मान पुढे लावावा लागतो, ‘कॅन यू’, ‘कुड यू’, ‘वुड इट बी पॉसिबल’. आपली मुलं ‘सेंड मी द फाइल’ लिहितात. लिहिताना मनात ‘पाठवा’ असतं, पण पलीकडे ‘पाठव’ पोहोचतं. मागे ‘प्लीज’ जोडलं तरी हुकूम तो हुकूमच राहतो. कितीतरी सज्जन मराठी माणसं अशी परदेशात उद्धट ठरली आहेत.

पण यातलं निम्मं तुला आधीच येतं. दारात आलेल्या पाहुण्याला तू म्हणतेस, ‘मला एक विचारायचं होतं.’ ‘होतं’ का? विचारायचं तर आत्ता आहे. भूतकाळ वापरला की मागणी एक पाऊल मागे सरकते आणि मऊ होते. इंग्रजी हेच करतं: ‘आय वॉन्टेड टू आस्क’. ‘कुड’ आणि ‘वुड’ हेही मुळात ‘कॅन’ आणि ‘विल’चे भूतकाळ. ‘पाठवता आलं तर’ मधलं ‘आलं’ आणि ‘इफ यू कुड सेंड’ मधलं ‘कुड’ शेजारी ठेवून बघ. युक्ती एकच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात मोडल्सचा तक्ता पाठ करण्याऐवजी, घरात आणि व्यापाऱ्यांशी तू कुठे कुठे मऊ होतेस ते आठवडाभर टिपून ठेव आणि त्या प्रत्येक वाक्याचा इंग्रजी जोडीदार शोध.

उलटंही होतं, म्हणजे मराठी सवय इंग्रजीत दगा देते. आपलं ‘बघू’. नाही म्हणायचं नसलं की आपण ‘बघू’ म्हणतो, आणि मराठी माणसाला ते बरोबर ऐकू येतं. इंग्रजीत आपण त्याचं ‘वी विल ट्राय’ करतो. डच माणूस ते वहीत ‘हो’ म्हणून लिहून घेतो आणि तारीख उलटली की भडकतो. त्याला सांगायचं असतं, १२ तारखेला जमणार नाही, १९ ला नक्की. मला हे शिकायला दोन वर्षं आणि एक गिऱ्हाईक लागलं.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुझी लाज जरा कमी होईल. नोकरीचं दुसरं वर्ष, फॅक्सचा जमाना. आम्ही इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचो. जर्मनीहून एका ओळीचा फॅक्स आला: ‘डिलिव्हरी केडब्ल्यू ३४?’ मी इंजिनिअरकडे धावले. ते म्हणाले, आपलं पॅनल १५ किलोवॅटचं, ३४ कुठून आणणार? झालं, मी पानभर सुंदर इंग्रजीत खेद व्यक्त केला. ३४ किलोवॅट आमच्या उत्पादनाच्या क्षमतेबाहेर आहे, तरी भविष्यात आम्हाला सेवेची संधी द्यावी, अशा थाटात. दोनदा तपासलं, व्याकरणाची एक चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘केडब्ल्यू मीन्स कॅलेंडर वीक.’ जर्मन लोक वर्षाचे आठवडे मोजतात. त्यांनी विचारलं होतं, चौतिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, माल मिळेल का?

‘सॉरी, व्हॉट डझ केडब्ल्यू मीन?’ एवढे पाच शब्द हवे होते. येत होते सगळे. विचारायची लाज वाटली म्हणून पानभर लिहिलं. पुढची तीन वर्षं आमच्या विभागात मला ‘किलोवॅट मॅडम’ म्हणायचे.

त्या जर्मन माणसाचं इंग्रजीही काही इंग्लंडचं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. जगातला कितीतरी धंदा अशा दोन माणसांमध्ये चालतो ज्यांच्यापैकी एकाचीही मातृभाषा इंग्रजी नसते. फिनलंडच्या काही संशोधक बायकांनी स्वीडिश आणि फिनिश कंपन्या एकत्र झाल्यावर तिथले लोक आपापसात कसं इंग्रजी वापरतात याचा अभ्यास २००५ मध्ये मांडला. अशा कामापुरत्या, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या इंग्रजीला त्यांनी वेगळं नाव दिलं आणि तिला अर्धीकच्ची न मानता कामाची भाषा म्हणून पाहिलं. तेव्हा उच्चारांची चिंता सोड, असं नाही म्हणत. दिशा बदल. आपल्या एका ‘व’ने इंग्रजीतली दोन अक्षरं भागवावी लागतात, त्याने क्वचितच काही बिघडतं. बिघडतं ते आकड्यांनी. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून पुढे ‘वन फाइव्ह’ म्हणावं. लाख आणि कोटी समुद्रापलीकडे चालत नाहीत: १२ लाख म्हणजे १.२ मिलियन, एक कोटी म्हणजे १० मिलियन. स्वल्पविरामही वेगळ्या जागी पडतात. आणि तारीख कधीच ५/६ अशी लिहू नये. अमेरिकन माणूस त्याला ६ मे समजेल आणि तू ५ जूनला माल घेऊन उभी राहशील. महिन्याचं नाव अक्षरात लिही.

आता क्लास. तू लिहिलेल्या माहितीवरून हिशेब केला. आठवड्याला तीन दिवस, रोज एक तास, २६ आठवडे, म्हणजे ७८ तास. बॅच २५ जणांची. सर एक शब्द न बोलता सगळा तास मुलांना वाटून टाकतील असं धरलं, तरी तुझ्या वाट्याला २ मिनिटं २४ सेकंद. सहा महिन्यांचे मिळून तीन तासांहून जरासंच जास्त. ३८ हजारांत तीन तास बोलणं, म्हणजे तासाला बारा हजार. प्रत्यक्षात सर बोलणारच, तेव्हा भाव आणखी चढेल. किलोमागे सहा रुपयांसाठी भांडणाऱ्या मुलीने हा हिशेब आधी का केला नाही, याचं मला नवल वाटलं.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा शब्द पाटीवर कुणीही रंगवू शकतो. भाषा किती येते हे मोजायची एक मान्य पट्टी आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्यांची. तुझं वाचन बी२ च्या आसपास असावं, बोलणं त्याखाली. बी२ वरून सी१ वर जायला साधारण २०० तासांचा अभ्यास लागतो, असा केंब्रिजच्या परीक्षावाल्यांचा ढोबळ अंदाज आहे. तेव्हा क्लासमध्ये जाऊन विचार: मला कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर नेणार आणि ते मोजणार कसं? माझे स्वतःचे मेल तपासून देणार का, की छापील नमुनेच भरून घेणार? दोन तास मागे बसून बघू देणार का? या प्रश्नांवर ते चिडले तर तुझं काम सोपं झालं.

क्लास वाईटच असतो असं मी म्हणत नाही. आठ-दहा जणांची बॅच असेल, तुझं लिहिलेलं लाल शाईने भरून परत येत असेल, तर पैसे वसूल होतात. काहींना बांधून घेतल्याशिवाय अभ्यास होत नाही, त्यांनी फी भरावी आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. सातपूर-अंबडला पाळी करून मुक्त विद्यापीठातून शिकणारे काही वाचक मला असंच विचारतात. त्यांना घरी पुस्तक उघडायलाही जागा नसते, तिथे क्लास म्हणजे बसायची हक्काची खुर्ची. पण त्यांनी आधी कंपनीच्या एचआरला विचारावं, प्रशिक्षणाच्या खर्चात हे बसतं का. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि स्वयम् व एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या मंचांवर इंग्रजी संवादाचे अभ्यासक्रम फुकट आहेत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. क्लासआधी त्यातला एक पुरा करून बघावा.

तू मात्र यंदा हे पैसे छाटणीलाच जाऊ दे. जूनपर्यंत तुला जे हवंय ते त्या ७८ तासांत मिळणारही नाही.

घरी मराठी बंद करायचं डोक्यातून काढून टाक. आई फोनवर ‘जेवलीस का गं’ विचारणार आणि तू ‘येस, आय हॅड माय डिनर’ म्हणणार? तिला वाटेल मुलगी रुसलीय. आणि ज्या भाषेत तुझी बुद्धी चालते तीच बंद केलीस तर इंग्रजीत ओतायला आणशील काय?

त्यापेक्षा वर्गातल्या त्या न थांबणाऱ्या मुलींपैकी एकीला गाठ. नाशिकमध्ये इंटर्नशिप करायची तर शॉप फ्लोअरवर, गोदामात, डीलरशी मराठी-हिंदीत बोलावं लागतं, आणि इंग्रजी माध्यमातल्या कित्येकींची तिथे तशीच दातखीळ बसते जशी तुझी ग्रुप डिस्कशनमध्ये. संध्याकाळी गोदाघाटावर नाहीतर कँटीनमध्ये वीस मिनिटं तुम्ही इंग्रजीत बोला, वीस मिनिटं तिला मराठीत भाव करायला शिकव. सौदा बरोबरीचा आहे, उपकार कुणाचेच नाहीत.

ग्रुप डिस्कशनबद्दल एक आतली गोष्ट. कॅम्पस निवडीला मी टेबलाच्या पलीकडे बसले आहे. जी थांबत नाही तिच्या नावापुढे आम्ही मार्क लिहित नाही, बहुतेक वेळा घड्याळ बघतो. तू दुसऱ्या वाक्याला अडतेस, कारण पूर्ण वाक्य मनात घोटून मगच बोलायचं म्हणतेस, आणि तोवर विषय पुढे सरकलेला असतो. आत शिरायची दोन-तीन वाक्यं इतकी घोटून ठेव की झोपेत येतील: ‘कॅन आय अ‍ॅड समथिंग हिअर?’, ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली’. ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत पुढचं सुचतं. मग एक आकडा किंवा एक प्रसंग टाक आणि गप्प बस. कांद्याच्या निर्यातशुल्कावर चर्चा निघाली तर त्या खोलीत लासलगावचा लिलाव उभं राहून पाहिलेली दुसरी कोण असेल?

ऐकायला काय घ्यावं, असंही तू विचारलं आहेस. परदेशी मालिका मजेसाठी बघ, कामासाठी नको. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्या तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी फोनवर बैठक घेतात. तिचं रेकॉर्डिंग आणि शब्द न् शब्द लिहिलेला उतारा कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यातला प्रश्नोत्तरांचा भाग घे. मराठी, गुजराती, तमिळ वळणाच्या इंग्रजीत मोठमोठे अधिकारी अवघड प्रश्नांना कशी बगल देतात, नफा का घटला ते कसं सांगतात, ‘नाही’ न म्हणता ‘नाही’ कसं म्हणतात, सगळं त्यात आहे. फायनान्सच्या मुलीला एका दगडात दोन पक्षी. आठवड्याला एक बैठक पुष्कळ झाली. कान थकले तर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपरचं अर्थविषयक पान वाच. ते वाचनालय १८४० पासून उघडं आहे, तुझीही वाट बघेल.

चॅटजीपीटीचं तू काही लिहिलं नाहीस, पण तुझ्या मेलमध्ये नसलं तरी तुझ्या वर्गात ते असणारच. वापरायला माझी हरकत नाही, फक्त पहिला मसुदा तुझा हवा. मग त्याला विचार, यात काय खटकतं आणि का. सुरुवातच त्याला करू दिलीस तर ते ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ने श्रीगणेशा करतं, आणि हल्ली आलेल्या दहा मेलपैकी सात तसेच असतात. तुझा पुन्हा त्या ढिगात जाईल.

अकरा कंपन्यांपैकी आधी चारच घे. फोन करून एचआरच्या माणसाचं नाव विचार (तो फोन मराठीत केलास तरी चालेल, सातपूरच्या गेटवर तेच चालतं), नवा मेल लिही आणि मंगळवारी सकाळी पाठव. सोमवारी सगळ्यांच्या पेट्या तुंबलेल्या असतात. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण. दुसऱ्यांदा आठवण करून देणं म्हणजे मागे लागणं नव्हे. द्राक्षाचे पैसे तू काकांकडून एका फोनमध्ये कधी वसूल केलेस का?

आणि हो, त्या रात्री शेवटी भाव किती ठरला, ते तू लिहिलंच नाहीस. पुढच्या पत्रात कळव.